शिधा, अंगठा आणि बारा अंक

भुकेल्यास अन्न द्यावे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य होय, याविषयी आपल्याकडे मतभेद फारसे कधी नव्हते. मतभेद होत आले ते भुकेला कोणास म्हणावे, आणि दारी आलेला माणूस तोच हे कशावरून ठरवावे, या दोन बाबींवर. पहिली बाब हक्काची, दुसरी ओळखीची. सरकारी दप्तराने जेव्हा जेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या जागी नेऊन बसविले, तेव्हा तेव्हा त्याचा भुर्दंड रांगेतील सर्वांत दुर्बळ माणसाने भरला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. आणि ते पडताळण्यासाठी आधी दीडशे वर्षे मागे जाणे सोयीचे होईल.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनेतील रयतेला साहाय्य मिळे ते दुष्काळी कामांवर. सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने तेथील मजुरी एक पौंड धान्य आणि वर जुजबी रोकड इतकी खाली आणली, आणि काम घरापासून दूर ठेवावे म्हणजे खरा गरजू तेवढाच येईल, अशी कसोटीही लावली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे ज्या कैफियती धाडल्या, त्यांत या अपुऱ्या मजुरीवर कडाडून टीका होती. योगायोग असा, की त्याच १८७७ साली बंगालमध्ये हुगळीचे मॅजिस्ट्रेट विल्यम हर्शेल एक निराळाच प्रयोग करीत होते. १८५८ साली जंगीपूर येथे एका ठेकेदाराच्या करारनाम्यावर त्याच्या पंजाचा ठसा घेणारे हेच गृहस्थ आता निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बोटांचे ठसे दप्तरी ठेवू लागले, मृताच्या नावे दुसऱ्याच कोणी पैसे उचलू नयेत म्हणून. दख्खनेत भुकेची परीक्षा कष्टाने, बंगालात ओळखीची परीक्षा ठशाने. या दोन परीक्षा एकाच ठिकाणी येऊन मिळण्यास त्यानंतर सुमारे एकशे चाळीस वर्षे लागली.

मध्यंतरीचा काळ शिधापत्रिकेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, मे १९४३ मध्ये, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले, आणि कुटुंबाच्या नावाचे ते कार्ड पुढील काळात धान्याच्या दुकानापुरते राहिले नाही. शाळेचा दाखला, गॅसची जोडणी, मतदारयादी, जेथे जेथे राहण्याचा पुरावा मागितला जाई, तेथे तेथे ‘रेशनकार्ड’ दाखविले जाई. महाराष्ट्राने १९९९ पासून त्यास तीन रंग दिले: वार्षिक पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यास पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याहून अधिक मिळकतीच्या घरास पांढरे. मात्र कार्ड घराचे होते. घरातील कोणता माणूस दुकानी आला, याची शहानिशा दुकानदाराची नजर करी, आणि त्या नजरेत जशी ओळख असे तशीच लबाडीलाही जागा असे. मेलेल्यांची नावे, गाव सोडून गेलेल्यांची नावे, मुळी जन्मलेच नाहीत अशांची नावे, यांच्या आधारे धान्य काळ्या बाजारात जाई, हे नाकारण्यात अर्थ नाही.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या व्यवहाराचे गणितच पालटले. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबास दरमहा पस्तीस किलो ही तजवीज कायम राहिली. परंतु बाकीच्या पात्र, म्हणजे ‘प्राधान्य’, कुटुंबांत माणशी पाच किलो हे माप ठरले, म्हणजे पत्रिकेवरील प्रत्येक नावास पाच किलोंचे मोल आले आणि प्रत्येक नावाचा पुरावा मागण्याचा मोह शासनास झाला. याच कायद्याच्या बाराव्या कलमात, सुधारणांच्या यादीत, आधारचा उल्लेख आहे. त्या आधारचा देशातील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देण्यात आला होता. ज्याच्यापाशी ओळखीचा कोणताच कागद नाही त्यास ओळख द्यावी, असा तेव्हाचा पुकारा होता. पुढे २०१६ च्या आधार कायद्याच्या सातव्या कलमाने सरकारी अनुदानासाठी हा क्रमांक मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि ८ फेब्रुवारी २०१७ च्या अधिसूचनेने तो स्वस्त धान्य दुकानाच्या उंबऱ्यावर आला. जी शिधापत्रिका दाखवून असंख्यांनी आधार काढले, तीच पत्रिका आता आधार जोडल्यावाचून निरुपयोगी ठरू लागली.

प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील शिधापत्रिकेस स्वतःचा बारा अंकी क्रमांक असतो, ज्यास लोक ‘आरसी नंबर’ म्हणतात. आधारही बारा अंकी, आणि त्यातील शेवटचा अंक व्हेरहॉफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने, आधीच्या अकरांत टंकनाची चूक झाल्यास ती उघडी पडावी म्हणून, काढलेला असतो. या दोन क्रमांकांची दप्तरात सांगड घातली जाते. मग दुकानातील ई-पॉस यंत्रावर कुटुंबातील कोणीही एकाने अंगठा लावायचा, ठसा दूरच्या संगणकाकडे जायचा, तेथून होकार यायचा आणि पावती निघाली की धान्य मापायचे. यंत्र चालू हवे, वीज हवी, ‘रेंज’ हवी, दूरचा ‘सर्व्हर’ जागा हवा आणि बोटावरच्या रेषा शाबूत हव्यात. यातील एक कडी तुटली तरी पदरी पडणारे उत्तर एकच, ‘ठसा येत नाही, उद्या या’. आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्याचा, कोयता चालविणाऱ्या ऊसतोड मजुराचा किंवा सत्तरी ओलांडलेल्या म्हातारीचा तो ‘उद्या’ म्हणजे एक बुडालेली मजुरी किंवा एक वाया गेलेली पायपीट असते.

या व्यवस्थेचे जे खरे श्रेय आहे ते तिला दिलेच पाहिजे. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र आणि गुजरात, तसेच आंध्र प्रदेश आणि तेलंगणा, या जोड्यांत एका राज्याची पत्रिका दुसऱ्यात चालविण्याचा आरंभ झाला, आणि २०२२ च्या मध्यापर्यंत सारा देश त्या योजनेत आला. नंदुरबारचा मजूर सुरतेत आपला शिधा उचलू शकतो हे केवळ कागदी कार्डाच्या जमान्यात घडणे अवघड होते. एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी असल्यास तेही क्रमांकाने उघडकीस येते. पण शिधावाटपातील चोरी दोन प्रकारची असते: खोट्या नावावर उचल करण्याची, आणि खऱ्या नावावर माप मारण्याची. पहिल्या चोरीस क्रमांक आळा घालील. दुसरीपुढे तो हतबल आहे, कारण अंगठा पाच किलोंचा घेऊन चार किलो मापणाऱ्या दुकानदाराचा हिशेब यंत्रात बिनचूकच दिसतो.

झारखंडात कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या मोठ्या पाहणीत हेच निष्पन्न झाले. ठशाची सक्ती आल्यावर पहिल्या टप्प्यात गळती मोजण्याजोगी घटली नाही. उलट ज्यांचे आधार जोडलेले नव्हते त्यांना मिळणारा लाभ सुमारे दहा टक्क्यांनी उतरला. पुढच्या टप्प्यात, दुकानदारांचे धान्य यंत्रातील नोंदींशी ताडून देऊ लागल्यावर, गळती कमी झाली खरी, पण वाचलेल्या धान्याचा काही हिस्सा खऱ्या लाभार्थ्यांच्या ताटातला होता. त्याच राज्यातील सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये, आधार न जोडल्यामुळे ज्या कुटुंबाची पत्रिका रद्द झाली होती, त्यातील अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. मृत्यू उपासमारीने झाला असे आईचे म्हणणे, मलेरियाने झाला असे सरकारचे. कारण काहीही असो, पत्रिका रद्द झाली होती यात दुमत नव्हते.

त्यानंतर महिनाभरातच, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्र सरकारने राज्यांना लेखी बजावले, की केवळ आधार नाही वा ठसा जुळत नाही म्हणून कोणासही धान्य नाकारू नये व यादीतून नाव वगळू नये. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सातवे कलम वैध ठरविले, मात्र ठसा न जुळल्यामुळे पात्र माणूस वंचित राहणार नाही हे सरकारचे आश्वासन नमूद करून. एकट्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत नोंदविताना, माणसाची प्रतिष्ठा व त्याचे हक्क यंत्राच्या संभाव्यतेवर टांगून ठेवता येणार नाहीत, असा अभिप्राय दिला. मार्च २०२१ मध्ये देशभरात तीन कोटी पत्रिका रद्द झाल्याच्या तक्रारीची त्याच न्यायालयाने गंभीर दखल घेतली. म्हणजे कायदा, परिपत्रक आणि निकाल तिन्ही एकमुखाने सांगतात, की क्रमांक नसेल तेथे पर्यायी ओळख स्वीकारावी. अडते ते हा हुकूम दिल्लीहून निघून दुकानाच्या खिडकीपर्यंत येता येता.

अमेरिकेतही अन्नसाहाय्यासाठी सामाजिक सुरक्षा क्रमांक मागितला जातो. परंतु तो नसल्यास त्यासाठी अर्ज केला असला तरी पुरते, आणि घरातील एकाने क्रमांक देण्याचे नाकारले तर त्याचा वाटा थांबतो, बाकीच्यांचा चालू राहतो. आपल्या २०१७ च्या अधिसूचनेतही नोंदणीची पोच आणि दुसरा ओळखपुरावा यांवर धान्य देण्याची मुभा होती. तरीही ‘ई-केवायसी’ची, म्हणजे आधारवरून ओळख पडताळून घेण्याची, मुदत जवळ येताच महाराष्ट्रातील गावोगावच्या दुकानांपुढे नाव कटेल या धास्तीने रांगा लागल्या, आणि मुदती पुनःपुन्हा वाढवाव्या लागल्या.

आणखी एक विसंगती आहे. महाराष्ट्रात या कायद्याखालील लाभार्थ्यांची कमाल मर्यादा सात कोटी सतरा हजारांच्या घरात ठरलेली आहे, ती २०११ च्या जनगणनेवरून. त्यानंतर जन्मलेला वा त्यानंतर दरिद्री झालेला माणूस कितीही निर्दोष आधार घेऊन आला, तरी जागा रिकामी होईपर्यंत त्यास थांबावे लागते. ग्रामीण भागात चव्वेचाळीस हजार आणि शहरात एकोणसाठ हजार ही प्राधान्य कुटुंबांसाठीची वार्षिक उत्पन्नाची मर्यादाही त्याच जमान्यातील. ओळखीवर एवढा खर्च आणि श्रम ओतणाऱ्या शासनाने पात्रतेच्या प्रश्नास मात्र तितके लक्ष दिलेले नाही.

म्हणून निवाडा असा: क्रमांक असावा, तो जोडण्याचे काम शासनाने करावे, आणि तो चुकला, तुटला किंवा जुळला नाही, तर त्याची झळ शासनाने सोसावी. प्रत्येक दुकानात ठसा न जुळलेल्यांची नोंदवही असावी, त्याच दिवशी इतर पुराव्यावर धान्य द्यावे, आणि घरी जाऊन चौकशी केल्यावाचून कोणाचेही नाव कापू नये. वाचकांकडेही एक मागणे आहे. आपल्या घरी कामास येणारी बाई, वाड्यावरचा गडी किंवा शेजारची म्हातारी दुकानातून रिकाम्या हाताने परतली, तर नकाराचे कारण लेखी मागण्यास तिला सांगावे, १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवून द्यावी आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज लिहून द्यावा. कायदा तिच्या बाजूचा आहे, आणि अर्ज लिहिता येणाऱ्या माणसाने तो तिच्यासाठी वापरावयाचा आहे.