चेंगडूच्या ताटातले तिरफळ

गोबी मंचुरियन खाऊन 'आपल्याला बाई चायनीज फार आवडतं' म्हणणारी मंडळी आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांनी एकदा चेंगडूला जाऊन जेवावे. चीनच्या नैऋत्येकडील सिचुआन प्रांताची ही राजधानी. युनेस्कोने २०१० साली तिला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला, आशियात हा मान मिळवणारे ते पहिलेच शहर. मे २०१९ मध्ये आम्ही सहा जण तिथे चार दिवस होतो. त्यात माझी पत्नी आणि वहिनी पक्क्या शाकाहारी. 'चीनमध्ये तुम्ही उपाशी राहणार,' असे निघताना प्रत्येकाने बजावलेले.

पहिल्या दुपारी आम्ही मांसाहारी चौघांनी 'मापो तोफू' मागवले. सोयाबीनच्या दुधाचे पनीरसारखे मऊ तुकडे, थोडा खिमा आणि वर लालभडक तेलाचा तवंग. एकोणिसाव्या शतकात याच शहरात एका खाणावळवालीने हा पदार्थ रूढ केला. तिच्या तोंडावर देवीचे व्रण होते, म्हणून 'मापो'. तिखटाची आम्हाला काय भीती? पण दुसऱ्या घासाला ओठांना मुंग्या आल्या, जीभ बधिर झाली. आमचा कारवारकडचा मित्र एकदम म्हणाला, ''अरे, हे तर तिरफळ!''

त्याचे बरोबर होते. सिचुआनचे 'ह्वाज्याओ' आणि आपले तिरफळ एकाच कुळातले. दोन्हींचे काळे बी टाकून टरफल वापरायचे. बांगड्याच्या आमटीत आपण चार-दोन दाणे ठेचून घालतो, तिथे मूठमूठ. कन्नडमध्ये तिरफळाला 'जुम्मिनकाई' म्हणतात. जिभेला 'जुम्म' करणारे फळ. एवढे चपखल नाव मराठीला सुचले नाही, हे मान्य करायला हवे.

या चवीला तिथे म्हणतात 'माला'. 'मा' म्हणजे बधिरपणा, 'ला' म्हणजे तिखट. वाढणारी मुलगी 'माला?' असे विचारी आणि आमच्यातला एक जण दरवेळी, 'मला नको, यांना दे!' गंमत म्हणजे त्यातली मिरची तिथलीही नाही आणि आपलीही नाही. ती अमेरिकेची. गोव्यात ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, सिचुआनच्या स्वयंपाकात तर आणखी उशिरा रुळली. ह्वाज्याओ मात्र तिथे तिच्या कितीतरी आधीपासून आहे.

आता शाकाहाराचे. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे, आणि 'बू याओ रौ' म्हणजे मांस नको. ही दोन वाक्ये चिनी लिपीत लिहून घेतलेला कागद पत्नीच्या पर्समध्ये असे. 'मासळीच्या वासाचे वांगे' या नावाने घाबरू नये. त्यात मासा नसतो. माशासाठीचा मसाला, म्हणजे आले, लसूण, खारवलेली मिरची, व्हिनेगर आणि साखर, वांग्याला लावलेला असतो. मात्र पुष्कळ ठिकाणी वरून खिमा घालतात, म्हणून कागद दाखवायचाच. हॉटपॉटचा लाल रस्सा तर बहुधा बैलाच्या चरबीतला. तिथे शाकाहारी माणसाने बसूच नये, असे माझे मत.

खरी सोय झाली ती वेनशू विहारात. वेनशू म्हणजे आपल्याकडचा बोधिसत्त्व मंजुश्री. विहारातल्या भोजनगृहात सगळे शाकाहारी, आणि चिनी बौद्ध परंपरेप्रमाणे कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या वहिनी खुशीत बसल्या, तोवर समोर अख्खा मासा आला. खवले, शेपटी, सगळे जिथल्या तिथे.

''भावजी, हा मासाच की हो!''

''सोयाबीनचा आहे, वहिनी.''

''असेल. पण माझ्याकडे बघतोय ना तो!''

काही केल्या त्यांनी त्याला हात लावला नाही. पत्नीने मात्र निम्मा संपवला. वाढणाऱ्या बाईंना वहिनींच्या चेहऱ्यावरून काय कळले कोण जाणे, त्या आत जाऊन नुसत्या तेलावर परतलेली हिरवी पालेभाजी आणि वाफाळता भात घेऊन आल्या. वहिनींनी ती भाजी दोनदा मागून घेतली.