जुनी मोटारबोट घेताना आधी तळ पाहा!

मुंबई - गेटवेहून मांडव्याकडे स्वतःच्या बोटीतून निवांत फेरफटका मारण्याचे स्वप्न अनेक जण पाहतात. नव्या केबिन क्रूझरच्या तुलनेत जुनी बोट स्वस्तात मिळते, हे खरे. मात्र चकचकीत केबिन पाहून व्यवहार ठरविणे महागात पडते. बोटीचे खरे दुखणे पाण्याखाली असते.

फायबरच्या बोटीत वर्षानुवर्षे पाणी मुरल्याने तळावर फोड येतात. ते फोडल्यास आंबूस वासाचा द्रव निघतो. अशा वेळी वरचा थर खरवडून बोट दीर्घकाळ वाळवावी लागते. त्यामुळे बोट पाण्याबाहेर असतानाच स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासून घेणे श्रेयस्कर. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तेव्हा ही संधी आयतीच मिळते. पंखा, सुकाणू आणि गंज रोखण्यासाठी बसविलेले जस्ताचे ठोकळेही पाहावेत.

डिझेल इंजिनाची पारख मात्र पावसाळा सरल्यावर पाण्यावरच करावी. ते थंड असताना सुरू करावे. निळा धूर म्हणजे तेल जळत असल्याची, तर सततचा काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नसल्याची खूण. शीतक यंत्रणेत क्षार साचले असल्यास पूर्ण वेगात इंजिन तापते.

सर्वेक्षणात किंवा चाचणीत दोष आढळल्यास इसार परत मिळेल, अशी लेखी अट घालावी. नोंदणी आणि कर्जफेडीची कागदपत्रेही पडताळावीत. नांगरण्याची जागा, रंगकाम आणि पावसाळी निवारा यांचा खर्च दरवर्षी ठरलेलाच. तो झेपणार असेल, तरच बोटीचा मोह धरावा.