तापाच्या विषाणूचे कूळ कसे ओळखतात?



बेणे कोणाच्या मळ्यातले, हे विचारल्याशिवाय आपण लागण करीत नाही. गवताळ वाढीचा रोग असलेले बेणे वरून चांगले दिसते, रोग दिसतो तेव्हा तो चार शेतांत पोचलेला असतो. डासांमुळे येणाऱ्या तापाचेही तसेच आहे.

२००६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये धुळ्याशेजारी मालेगावात चिकुनगुन्याची साथ आली. त्या वर्षी देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. धडधाकट माणसे सांधे धरून बसली. हा रोग १९६३ मध्ये कलकत्त्यात व १९७३ मध्ये बार्शीत येऊन गेला होता. मग हा जुनाच विषाणू, की बाहेरून आलेला? रोग्याकडे पाहून ते कळत नाही. ताप तोच, सांधेदुखी तीच.

याचे उत्तर विषाणूच्या पोटात असते. चिकुनगुन्याच्या विषाणूत सुमारे ११,८०० अक्षरांचा मजकूर असतो, आणि अक्षरे फक्त चार प्रकारची. विषाणू वाढतो तेव्हा या मजकुराची नक्कल होते, व नकलेत कुठेतरी चूक राहते. हाताने उतरलेल्या सातबाऱ्यात एका नावाची वेलांटी चुकली, की पुढच्या प्रत्येक उताऱ्यात तीच चूक येते. त्यावरून कोणता उतारा कशावरून घेतला ते ओळखू येते. शास्त्रज्ञ हा मजकूर यंत्रावर वाचतात आणि चुका ताडून विषाणूची वंशावळ लावतात. यालाच जनुकीय क्रमवाचन म्हणतात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २००६ मध्ये जुने-नवे नमुने असे ताडून पाहिले. १९६३ व १९७३ चे विषाणू आशियाई कुळातले निघाले, नव्या साथीचे आफ्रिकी कुळातले. आणखी एक गोष्ट समजली. पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली पकडलेल्या डासांतला विषाणूही आफ्रिकी कुळातलाच होता. म्हणजे साथीची ओरड होण्याआधी पाच वर्षे हे कूळ आपल्या राज्यात येऊन बसले होते! मात्र यावरून साथ यवतहूनच उठली असे समजू नये. पूर्ण मजकूर वाचल्यावर यवतचा विषाणू साथीच्या विषाणूहून थोडा निराळा दिसला. बोध एवढाच की, साथ दिसते त्याच्या आधी विषाणू पोचलेला असू शकतो.

आता आपण काय करायचे?

१) ताप आल्यावर "दोन दिवस बघू" म्हणून अंगावर काढू नये. विषाणू रक्तात साधारण पहिले पाच दिवसच भरपूर असतो. नंतरच्या तपासणीत रोग कळतो, कूळ सहसा कळत नाही. म्हणून लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त द्यावे.

२) आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी ड्रम, रांजण भरलेले असतात. हा डास दिवसा चावतो व साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून आतून घासावीत. अंडी काठाला चिकटतात व कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात, नुसते पाणी ओतून भागत नाही.

३) ऊसतोड टोळ्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरतात. कोपीवर कोणी तापाने पडले तर मुकादमाने त्याच दिवशी शेतकी गटकार्यालयात कळवावे.

बेणे जसे तपासून घेतो, तसा तापही तपासून घ्यावा, ही सर्व सभासदांना आग्रहाची विनंती.

— ऊस विकास अधिकारी