आधी हंगाम पाहा, मग अंगठ्याचं ऑपरेशन ठरवा

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलत जातो आणि त्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला, हाडाचा उंचवटा येतो. बनियन नावाचा हा त्रास बर्फावर स्की करणाऱ्यांना फार छळतो, कारण त्यांचे बूट कडक प्लास्टिकचे आणि पावलाला घट्ट बसणारे असतात. पुणे जिल्ह्यातल्या न्हावरे परिसरात बर्फ नाही, पण हाच अंगठा इथेही दुखतो. रांजणगाव एमआयडीसीत पाळीभर पोलादी टोपीचे सेफ्टी शूज घालणारे कामगार आहेत, खुरपणीला उकिडव्या बसणाऱ्या बाया आहेत आणि यवत-वरवंडवरून तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जाणारे वारकरीही आहेत. स्की करणारे लोक अंगठ्याचं ऑपरेशन बर्फाचा हंगाम संपला की करून घेतात, म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत पाय तयार होतो. आपल्याकडे मात्र दुखणं असह्य झालं की दवाखाना गाठायचा आणि टाके निघाले की कामावर जायचं, अशी रीत आहे. माझं म्हणणं असं की अंगठ्याच्या ऑपरेशनचं यश जितकं सर्जनच्या हातात असतं, तितकंच ते पुढच्या तीन महिन्यांच्या आखणीत असतं.

ऑपरेशनच्या आधी पायताणाचा विचार व्हायला हवा. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पायताण वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा कललेला होता, तर अनवाणी राहणाऱ्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होतं. यावर कोणी म्हणेल, आमच्या आजीने जन्मभर साधी चप्पल घातली, तरी तिचा अंगठा वाकडा होता. तेही खरंच आहे. पावलाची ठेवण घराण्यातून येते आणि अरुंद बूट तिच्यातला दोष वाढवतो. स्कीचा बूट तापवून उंचवट्याच्या जागी फुगवून घेता येतो. सेफ्टी शूजची पोलादी टोपी तशी ताणता येत नाही, म्हणून कारखान्यातून रुंद मापाचाच जोड मागून घ्यायला हवा. अनेकांचं दुखणं एवढ्यानेच सुसह्य होतं. बुटाच्या आत घालायच्या खास तळव्यांनी आराम पडतो, पण हाड सरळ होत नाही. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर केलेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तळव्यांचा फायदा सहा महिन्यांपर्यंत दिसला, वर्षाअखेरीस तो उरला नाही. ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं तेव्हा सर्वांत कमी होतं. म्हणून बूट बदलूनही रोजचं चालणं अवघड होत असेल, तर ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही. नुसतं वाकडं दिसतं म्हणून मात्र ते करू नये.

ऑपरेशनमध्ये बहुधा अंगठ्यामागचं लांब हाड कापून, जागेवर सरकवून स्क्रूने बसवतात. ते जुळायला साधारण सहा आठवडे लागतात. तोवर कडक तळाचा बूट घालून टाचेवर भार देत चालायचं. उजव्या पायाने ब्रेक दाबायचा नाही आणि डाव्या पायाच्या बोटांनी मोटरसायकलचा गिअर उचलायचा नाही. सूज तीन ते सहा महिने रेंगाळते. तंबाखू आणि ताब्यात नसलेला मधुमेह हाड जुळण्याच्या आड येतात. कुठलं ऑपरेशन करायचं हेही कामावरून ठरायला हवं. सांधा झिजला असेल तर तो कायमचा सांधून टाकतात. स्की करणाऱ्याला ते चालून जातं, कारण कडक बुटात अंगठा फारसा वाकतच नाही. खुरपणारी बाई मात्र टाचा उचलून सगळा भार वाकलेल्या अंगठ्यांवर घेते. तिचा सांधा पक्का केला तर दुखणं थांबेल, पण तसं बसणंही अवघड होईल. म्हणून आपण दिवसभर कसे बसतो आणि काय घालतो, हे रुग्णाने डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं.

सगळ्यात मोठा आक्षेप पोटाचा आहे. हातावर पोट असणाऱ्याने तीन महिने बसून खायचं कुठून? ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे राज्य कामगार विम्याची, वर्गणी कापली जाते, त्यांना अटी पूर्ण केल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. म्हणजे कायद्यातच जवळपास तेवढ्या विश्रांतीची सोय आहे. ऊसतोड कामगार आणि शेतमजूर यांना ती नाही. त्यांच्यासाठी हंगामाचा हिशेबच कामी येईल. गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं, तर पेरणीच्या चिखलात उतरण्याआधी हाड जुळलेलं असेल. वारकऱ्याने आषाढीनंतर केलं, तर पुढच्या वारीपर्यंत जवळपास वर्ष मिळतं. दुसरा आक्षेप असा की आता बारीक छिद्रातून ऑपरेशन होतं, मग एवढी विश्रांती कशाला? जखम लहान असते हे खरं, पण हाड तर कापलेलंच असतं आणि जुळायला ते आपला वेळ घेतंच.

म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: घरचं काम कोण उचलणार, मजुरीची तूट कशी भरायची आणि नंतर कुठला बूट घालायचा. डॉक्टरांनी हे विचारायला हवं, मुकादमाने आणि कारखान्याने ते मान्य करायला हवं. तीन महिन्यांची ही रजा नाकारली, तर तोच माणूस अधू पायाने पुढची कितीतरी वर्षं काम ओढत राहील. त्यात मजुराचं नुकसान आहेच, मालकाचाही फायदा नाही.