आपली मोटार घेऊन नेपाळात

ग्वाल्हेरहून झाशी, कानपूर, लखनौ, गोरखपूर असा रस्ता धरला, की सुमारे आठशे किलोमीटरांवर सोनौलीचा नाका लागतो. नाक्यापलीकडे नेपाळ. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा तह झाला. भारतीय माणसास तेथे जावयास व्हिसा लागत नाही, आणि या सुलभतेमुळेच पुष्कळांची अशी समजूत होते, की मोटारीसही काही लागत नसावे. ही समजूत महागात पडते. माणसाची वाट मोकळी आहे. मोटारीची तशी नाही.

याचे कारण समजून घेतले म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते. नेपाळात मोटारीवर जबर जकात आहे. परदेशी गाडी आत शिरली व तेथेच विकली गेली, तर सरकारची जकात बुडाली. म्हणून गाडी पाहुणी म्हणून आली आहे व ठरल्या दिवशी परत जाणार आहे, अशी नोंद नाक्यावर व्हावी लागते. जकातीस नेपाळीत ‘भन्सार’ म्हणतात, आणि या परवान्याच्या पावतीसही लोक भन्सारच म्हणतात. जितके दिवस राहावयाचे तितक्या दिवसांचे शुल्क आधी भरावयाचे. एका वर्षात एकूण ३० दिवसांची मर्यादा असते. पावतीवाचून गाडी आत सापडली, तर ती अडकवून ठेवण्याचा अधिकार त्यांस आहे.

पावतीवरची तारीख मात्र नीट वाचावी. ती विक्रम संवताची असते. आपल्या पंचांगातही विक्रम संवत आहे खरा, पण नेपाळचे महिने सूर्यसंक्रांतीवर चालतात, तिथीवर नव्हे. तेव्हा घरच्या पंचांगाशी ती ताडून पाहण्यात अर्थ नाही. मुदतीचा शेवटचा दिवस इंग्रजी तारखेत कोणता, हे खिडकीवरच्या कारकुनाकडूनच पावतीच्या कोपऱ्यात लिहून घ्यावे. घड्याळही तेथे आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते.

गाडीचे नोंदणीपुस्तक, विमा, प्रदूषण-दाखला व चालकाचा परवाना हे सारे मूळ कागद जवळ असावेत. आपल्याकडे गाडी पुष्कळदा वडिलांच्या किंवा पेढीच्या नावावर असते आणि चालवणारा मुलगा असतो. अशा वेळी मालकाचे सहीनिशी अधिकारपत्र बरोबर ठेवावे. माणसांसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. पंधरा ते पासष्ट या वयाच्या माणसाने केवळ आधार कार्डावर विसंबू नये. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांस मुख्याध्यापकांचा ठराविक नमुन्यातील दाखला चालतो. (तो निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मागू नये, एवढी आम्हां शिक्षकांची विनंती!)

आता विम्याविषयी, कारण लोक दुर्लक्ष करतात ते येथेच. आपल्या मोटारविम्याच्या पॉलिसीवर ‘भौगोलिक क्षेत्र’ अशी एक ओळ असते व तिच्यापुढे ‘भारत’ असे छापलेले असते. म्हणजे सोनौली ओलांडली की त्या कागदाचे बळ संपले. जादा हप्ता भरून हे क्षेत्र नेपाळ, भूतान, बांगलादेश वगैरे शेजारी देशांपर्यंत वाढवून घेता येते. पॉलिसीवर तशी नोंद होते. परंतु हे काम निघण्यापूर्वीच झाले पाहिजे. अपघातानंतर विमा कंपनीस फोन करून काही उपयोग नाही. घाटात दुसऱ्याची गाडी ठोकली गेली वा कोणी जखमी झाले, तर भरपाई घरातून द्यावी लागेल. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजी अशा एका वळणावर संपू शकते.

आणि वळणे पुष्कळ आहेत. १९५६ साली त्रिभुवन राजपथ पुरा होण्यापूर्वी काठमांडूतील राणांच्या मोटारी हमालांनी खांद्यावर वाहून डोंगरापार नेलेल्या होत्या. आज सोनौलीहून लुंबिनी गाठणे सोपे आहे. तेवढा भाग सपाटीचा. बुटवलच्या पुढे पोखऱ्याकडे चढ लागतो, आणि नारायणघाट ते मुग्लिंग हा काठमांडूकडचा रस्ता त्रिशूली नदीच्या कडेने जातो. १२ जुलै २०२४ रोजी तेथे सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या नदीत गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला तनहूं जिल्ह्यात मर्स्यांग्दी नदीकाठी बस कोसळली. तीत जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव परिसरातले यात्रेकरू होते, आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. म्हणून आमचे स्पष्ट मत असे, की जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर स्वतःची गाडी त्या डोंगरांत नेऊच नये. दिवाळीची सुटी उत्तम. रस्ता डावीकडूनच चालतो, ही एक सोय. पण रात्री घाट चढू नये.

पैशांचे थोडक्यात सांगतो. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांस १६० नेपाळी असा दर बांधलेला आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळने शंभरावरील भारतीय नोटांस बंदी केली होती, आणि मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. शंभराच्या नोटा न्याव्यात म्हणजे वाद नाही. पेट्रोल सर्वत्र मिळते, आणि तेही आपल्याकडूनच जाते: २०१९ पासून बिहारातील मोतीहारीहून अमलेखगंजपर्यंत नळ टाकला आहे.

बांगलादेशासारख्या देशात न्यावयाचे तर प्रकरण निराळे. तेथे ‘कार्ने’ नावाची पुस्तिका लागते. तिच्या प्रत्येक पानाचे भाग असतात. एक आत जाताना फाडून घेतात, दुसरा बाहेर पडताना. गाडी परत न आल्यास जकात आम्ही भरू, अशी मोटार-संघाची हमी तिच्यामागे असते, आणि ती हमी द्यावयास संघ आपल्याकडून मोठी अनामत मागतो. नेपाळास व भूतानास ही खटपट नाही.

परतताना, कितीही घाई असली, तरी नेपाळच्या नाक्यावर थांबून गाडी बाहेर पडल्याची नोंद करून घ्यावी. गाडी वाटेत बिघडून मुदत टळणार असे दिसले, तर मुदत उरली असतानाच जवळच्या भन्सार कार्यालयात जाऊन दिवस वाढवून घ्यावेत, आणि ती जादा पावती पहिल्या पावतीस टाचून ठेवावी.