काळ्या पित्ताचे मानकरी

बेन जॉन्सनचं 'एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर' हे नाटक १५९८ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं. त्यात स्टीफन नावाचा एक मठ्ठ, गावाकडचा तरुण आहे. शहरातल्या सभ्य गृहस्थांत आपली गणना व्हावी, एवढाच त्याचा ध्यास. मॅथ्यू नावाचा टुकार कवी त्याला ऐटीत सांगतो, की विषाद दाटून आला की आपण कागद-लेखणी घेतो आणि एका बैठकीत दहा-बारा सुनीतं पाडतो. स्टीफन भारावून जातो आणि विचारतो, उदास बसायला तुमच्याकडे एखादं स्टूल आहे का? पुढे भावालाही हळूच विचारून घेतो, पुरेसा खिन्न दिसतोय ना मी?

दुःख लपवायचं सोडून पुरुष ते मिरवू कसे लागले? त्यामागे दोन हजार वर्षांचं वैद्यक होतं. रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार रसांवर देह चालतो, असं ग्रीकांपासून मानलं जाई. काळं पित्त थंड आणि कोरडं. ते वाढलं की माणूस भित्रा, खिन्न, भ्रमिष्ट होतो. पण अॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या एका ग्रंथाने फार पूर्वीच एक फाटा फोडून ठेवला होता: तत्त्वज्ञान, राजकारण, काव्य यांत नाव काढणारे पुरुष याच प्रकृतीचे का असतात?

या प्रश्नाचं सोनं केलं फ्लॉरेन्सच्या मार्सिलिओ फिचीनोने. काळं पित्त शनीच्या अंमलाखाली मानलं जाई, आणि स्वतःच्या कुंडलीतल्या शनीला तो वैतागला होता. जोव्हानी काव्हाल्कांती या मित्राला त्याने पत्रातून रडगाणं ऐकवलं. मित्राने उलट कान उपटले, की तुझी बुद्धी त्याच ग्रहाची देणगी आहे. आपण शनिवारी मारुतीला तेल घालून शनीची पीडा टाळू पाहतो. फिचीनोने शनीलाच विद्वानांचा अधिपती करून टाकलं. अभ्यासू माणसांच्या प्रकृतीवरचा त्याचा ग्रंथ १४८९मध्ये छापला गेला, आणि पुढची दीडशे वर्षं युरोपातल्या प्रत्येक खिन्न पदवीधराला तो कामी आला. गंमत अशी, की ड्यूररच्या १५१४च्या प्रसिद्ध चित्रात विषादाची मूर्ती पंख असलेल्या स्त्रीची आहे. त्या विषादाचा मान मात्र पुरुषांचा.

हा मान निर्धोक नव्हता. 'हॅम्लेट'च्या (सुमारे १६००) पहिल्याच अंकात क्लॉडियस पुतण्याला भर दरबारात सुनावतो, की बाप सगळ्यांचेच मरतात, इतका शोक पुरुषाला शोभत नाही. त्याआधीच हॅम्लेट आईला सांगून चुकलेला असतो, की काळा झगा, उसासे, डोळ्यांतलं पाणी यांचं सोंग कुणीही आणील. आपल्या आत जे आहे ते दाखवता येण्यापलीकडचं आहे. माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथे आहे. दुःख दाखवलं तर बायकी ठरतं आणि न दाखवावं तर कुणी ते मानत नाही. पुढे सूड घेण्याऐवजी नुसता बोलत बसल्याबद्दल हॅम्लेट स्वतःलाच शिव्या घालतो, त्याही वेश्येची उपमा देऊन. मराठी रसिकांना हा राजपुत्र चंद्रसेन या नावाने भेटला, आगरकरांच्या 'विकारविलसित'मध्ये. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो गाजवला आणि आपणही त्याची स्वगतं डोक्यावर घेतली. याच नाटकात ओफीलियाचाही बाप मरतो. त्या शोकात तिला एकही स्वगत मिळत नाही. गाणी, फुलं आणि ओढा एवढंच तिच्या वाट्याला येतं.

या पुरुषांच्या पोटापाण्याकडे मात्र समीक्षकांचं कमी लक्ष जातं, असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये जमीनजुमला थोरल्याकडे जायचा. धाकटे आणि होतकरू ऑक्सफर्ड-केंब्रिज करून बाहेर पडायचे आणि दरबारी ओळखी शोधत हिंडायचे. वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी' या नाटकातला बोसोला हा असाच पादुआला शिकलेला, केलेल्या कामाचं बक्षीस न मिळालेला माणूस. त्याचा विषाद शेवटी हेरगिरीला आणि खुनाला विकला जातो. ल्यूटवादक जॉन डाउलंडला १५९४ साली राणी एलिझाबेथच्या दरबारी जागा मिळाली नाही. डेन्मार्कच्या राजाच्या पदरी राहून त्याने अश्रूंवरच्या रचनांनी युरोप जिंकला आणि आपल्या नावाशीच दुःखाचं यमक जुळवलं. जॉन डनने सुमारे १५९५ साली स्वतःचं चित्र काढून घेतलं: रुंद काठाची काळी टोपी, घडी घातलेले हात, लेसच्या कॉलरचे बंद मुद्दाम सुटे, वर एका स्त्रीला उद्देशून लॅटिन विनवणी. सगळं इतकं नीट विस्कटलेलं, की स्टीफनचं स्टूल आठवतं. फरक इतकाच, की डनला खरोखर कविता करता येत होती.

स्पेनमध्ये सर्व्हांतेसने हाच पुरुष घोड्यावर बसवून त्याची फजिती केली. 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागात (१६१५) हरलेला नायक घरी येऊन आजारी पडतो, तेव्हा वैद्याचं निदान विषाद हेच असतं.

या साऱ्याचा कळस रॉबर्ट बर्टनचा 'द अॅनाटॉमी ऑफ मेलँकली', १६२१. बर्टन स्वतः धाकटा. घरची इस्टेट थोरल्या विल्यमकडे गेली, आणि हा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये पुस्तकांत बुडून जन्मभर अविवाहित राहिला. विषाद टाळण्यासाठीच विषादावर लिहितो, असं तो सांगतो. विद्वानांच्या हालअपेष्टांवरचं त्याचं लांबलचक विषयांतर मला ग्रंथाचं काळीज वाटतं. वीस-वीस वर्षं अभ्यास, आणि शेवटी कुणा अडाणी धनिकाच्या दारात हांजी हांजी! वैद्यकाच्या पोथीत अचानक नोकरी न मिळालेल्या माणसाचा संताप उसळतो. १६२८च्या आवृत्तीत त्याने कुमारिका, जोगिणी आणि विधवांच्या विषादावर एक छोटं प्रकरण घातलं. कारण गर्भाशयाशी नेऊन भिडवलं, उपाय म्हणून लग्न सुचवलं, आणि मध्येच आपण ब्रह्मचारी, आपल्याला काय कळतंय, म्हणून स्वतःला आवरतं घेतलं.

स्त्रियांच्या दुःखाला प्रतिभेचं प्रमाणपत्र जवळपास कुणीच दिलं नाही, स्त्रियांनीसुद्धा नाही. आविलाची संत तेरेसा मठांच्या स्थापनेवरील आपल्या ग्रंथात एक अख्खं प्रकरण विषण्ण जोगिणींवर खर्च करते. तिचा सल्ला कडक आहे: या आजाराच्या नावाखाली त्या स्वतःचंच खरं करतात, म्हणून धाक ठेवा, लागलं तर शिक्षा करा. हॅम्लेट तिच्या मठात आठवडाभर टिकला नसता.

बर्टनचं पुस्तक निघालं त्याच वर्षी लेडी मेरी रॉथची 'युरेनिया' ही भलीमोठी गद्य प्रेमकथा छापली गेली. सोबत तिची सुनीतं, रात्र, विरह, एकांत आणि न सुटणारं दुःख यांनी भरलेली. म्हणजे पुरुषांनी शतकभर जे मिरवलं, तेच. कथेत आपल्या घरची लक्तरं टांगली आहेत, असं लॉर्ड डेनी या सरदाराला वाटलं. त्याने रॉथवर पद्यातून चिखलफेक केली: तू ना बाई ना पुरुष, तू राक्षस. तिने तितक्याच ठसक्यात पद्यातून उत्तर दिलं, पण पुस्तक मागे घेण्याची भाषा तिला करावी लागली. बर्टनच्या ग्रंथाच्या त्याच्या हयातीत पाच आवृत्त्या निघाल्या. 'युरेनिया'चा दुसरा भाग रॉथने लिहिला होता. तो छापला गेला १९९९ साली.