हाडांची ठेव

परवा पंचवटीतील एक आजी नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडले. "डॉक्टर, एवढ्याशा पडण्याने हाड कसं मोडलं?" त्यांनी विचारले.

हाड निर्जीव नसते. प्रौढ माणसाची २०६ हाडे शरीराला आधार देतात, मेंदू-हृदयाचे रक्षण करतात. काहींच्या मगजात रक्तपेशी तयार होतात. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठलेले असते. रक्तात ते कमी पडले की शरीर हाडांतून उचल करते. साधारण तिशीपर्यंत ही ठेव वाढते, पुढे हळूहळू घटते. पाळी थांबल्यावर स्त्रियांमध्ये झपाट्याने घटते. हाडे ठिसूळ होतात, पण दुखत नाहीत, म्हणून कळत नाही. उतारवयात असे मनगट मोडणे ही धोक्याची सूचना समजावी व हाडांची तपासणी करून घ्यावी. उद्या खुबा मोडला तर अंथरूण धरावे लागते.

आपल्या पेठ-सुरगाण्याच्या नागलीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नागलीची भाकरी, दूध, तीळ खावेत; अंगावर ऊन घ्यावे, रोज चालावे. मोरी कोरडी ठेवावी.

आजींचे मनगट प्लास्टरमध्ये जुळेल. नातीला मात्र मी म्हटले, "बाळ, तुझी ठेव आत्ताच वाढव."